मावशीच्या वाट्याचे दोन शब्द

मा. संपादक यांस,
सविनय जयभीम.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. तेव्हापासून आपल्या अंकात त्यावर किती लेख आणि पत्रे आली याची मोजदाद मी ठेवलेली नाही, पण बहुतेक सगळी वाचली. निवृत्त माणसाला दुसरे काम काय असते? आनंद मलाही झाला, पेढे मीही वाटले. मात्र त्याच दिवशी, त्याच निर्णयात आणखी चार भाषा होत्या: पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली. त्यातल्या पालीबद्दल, म्हणजे बौद्ध ग्रंथांच्या जुन्या भाषेबद्दल, आपल्या पानांवर मला मोजून एक ओळ सापडली. एका पत्रलेखकाने 'पालीसारख्या मृत भाषेलाही' असे लिहिले होते. त्या 'लाही'ने माझी रात्रीची झोप उडाली असे म्हणणार नाही, पण दुपारची वामकुक्षी नक्की उडाली. म्हणून हे पत्र. लांबणार आहे, हे आधीच सांगतो; कात्री आपल्या हातात आहेच.

मी पंडित नाही. सत्तरी ओलांडलेला सुतार आहे. देहूरोडला लष्कराच्या डेपोत पेट्या ठोकण्यात आणि खोकी दुरुस्त करण्यात माझी नोकरी गेली. पण मला पाली येते. थोडी येते, अडखळत येते, आणि ती एका माणसाने शिकवली म्हणून येते. त्या माणसाबद्दल मी आजवर कुठे काही लिहिले नाही. त्यांना ते आवडले नसते. विहाराच्या देणगीदारांच्या पाटीवर नाव घालू म्हटले तेव्हा त्यांनी रंगाऱ्याला चहा पाजून परत पाठवले होते. तेव्हा नाव इथेही लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना भंतेजी म्हणायचो, तेच लिहितो.

आमच्या गावाचे महत्त्व नव्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल. २५ डिसेंबर १९५४ रोजी खुद्द बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. मी तेव्हा सहा महिन्यांचा, आजीच्या कडेवर. बाबासाहेबांचे भाषण चालू असताना मी भोकाड पसरले आणि आजीला गर्दीतून बाहेर यावे लागले, हा राग तिने मरेपर्यंत धरला. "तुझ्यापायी माझं निम्मं भाषण गेलं," असे ती मला मी चाळिशीचा झालो तरी ऐकवायची.

भंतेजी आमच्याकडे आले १९६६ च्या पावसाळ्यात, वर्षावासासाठी. वर्षावास म्हणजे आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खूने एका जागी राहण्याचे तीन महिने. ते आले तीन महिन्यांसाठी आणि राहिले अधूनमधून बत्तीस वर्षे. मूळचे परळचे, गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवलेले. छप्पन साली दीक्षा घेतली आणि पुढे चारसहा वर्षांनी चीवर, म्हणजे भिक्खूचे वस्त्र. पाली शिकले तिशीत, गिरणीच्या रात्रपाळीनंतर सकाळी, डोळे तांबारलेले असताना. साच्यांच्या खडखडाटात कान गेल्यामुळे ते मोठ्याने बोलत. विहारात त्यांनी पहिली ओळ म्हटली की पलीकडच्या चाळीतल्या बाया म्हणायच्या, चला, भंतेंचा भोंगा झाला.

रविवारी सकाळी ते आम्हा पोरांना घेऊन बसत. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले, "मी पाली शिकवणार." आम्ही फिदीफिदी हसलो, कारण आमच्या लेखी पाली भिंतीवर असतात. तेही हसले. मग म्हणाले, "फी लागेल." आमची तोंडे पडली. फी अशी होती: दर रविवारी प्रत्येकाने घरातून एक जुना शब्द आणायचा. शाळेच्या पुस्तकातला चालणार नाही, आईचा किंवा आजीचा पाहिजे. चुलीपाशी, जात्यापाशी, शेतात वापरलेला.

मी आजीला विचारले. तिने सूप हातात घेतलेलेच होते, म्हणाली, "हे घे, सूप दे तुझ्या भंत्याला." मी तो शब्द घेऊन गेलो. भंतेजींनी खोक्याच्या फळीवर खडूने लिहिले, 'सुप्प'. "अडीच हजार वर्षांपूर्वी बाया धान्य पाखडायच्या त्याला पालीत सुप्प म्हणायचे. तुझ्या आजीनं त्यातला एक प सोडला आणि उकार लांबवला." दुसऱ्या कुणी उखळ आणले होते. त्याला 'उदुक्खल' मिळाले. मुसळाला 'मुसल'. मग ते पेटले. सत्त म्हणजे सात, अट्ठ म्हणजे आठ, हत्थ म्हणजे हात, कण्ण म्हणजे कान, भत्त म्हणजे भात, सप्प म्हणजे साप. "जोडाक्षर जड होतं. लोकांनी ते उतरवून ठेवलं, पण वजन टाकून दिलं नाही, आधीच्या स्वरावर ठेवलं. म्हणून स्वर लांबला." फळीवर हत्थ लिहून त्यांनी बोटाने एक अक्षर पुसले आणि वर काना ओढला. 'हात' झाला. ती खडूची पूड मला अजून दिसते. शाळेत व्याकरणाला मी घाबरायचो. इथे व्याकरण डोळ्यांदेखत घडत होते, फळीवर रंधा फिरवल्यावर ढलपी निघावी तसे.

घम्म म्हणजे घाम, असे मी उत्साहाने ओरडलो तेव्हा त्यांनी थांबवले. "पालीत घम्म म्हणजे उकाडा, ऊन. घाम त्याचा पोरगा." सोळस म्हणजे सोळा, हे सांगताना त्यांना विशेष आनंद व्हायचा, कारण त्यात ळ आहे. "हा ळ पालीत आहे, तुमच्या तोंडात आहे, आणि हिंदीवाल्यांना देऊन बघा!" असे म्हणून ते आम्हाला जीभ मागे वळवून पंचवीस वेळा ळळळ करायला लावत. एकोणीसला 'एकूनवीसति', म्हणजे एक उणे वीस. मराठी अंकांतली ही उलटी चाल कुठून आली हे मला मास्तरांनी कधी सांगितले नव्हते, आणि मी विचारलेही नव्हते.

माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा धडा मात्र त्यांना जे आले नाही त्यात मिळाला. हत्तीला पालीत 'हत्थी'. मी बारा-तेरा वर्षांचा, जरा आगाऊ. म्हणालो, "हत्थचा हात झाला, तर हत्थीचा हाती का नाही झाला? आपण हत्ती का म्हणतो?" हिंदीत हाथी झालाच आहे, ते नियमाने वागले. मराठीने मात्र जोडाक्षर जपून ठेवले. भंतेजी फळीकडे बघत राहिले. पोरे गप्प. मला वाटले आता चापट बसणार. आमच्या शाळेत असल्या प्रश्नाला तेच उत्तर असे. ते वळून म्हणाले, "मला माहीत नाही." मग त्यांनी वही काढली, शब्द लिहिला आणि समोर दोन अक्षरे टाकली: मा. ना. म्हणजे माहीत नाही. "पुढच्या रविवारी परत विचार." मी पुढच्या रविवारी विचारले. तेव्हाही मा. ना. होते. ते कायमचे तसेच राहिले, पण प्रत्येक वेळी ते पुण्याला गेले की कुणाला तरी विचारून यायचे आणि आल्यावर मला बोलावून सांगायचे, "हत्ती अजून बसलेलाच आहे रे, उठत नाही." मोठ्या माणसाला 'मला माहीत नाही' असे म्हणता येते, आणि त्यानंतरही तो मोठाच राहतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. पुढे डेपोत माझ्या हाताखाली पोरे आली तेव्हा मला ते किती जड गेले आणि किती वेळा जमले नाही, ते माझे मलाच ठाऊक.

आपल्या पत्रलेखकांना एक दुरुस्ती भंतेजींच्याच तोंडून देतो. पाली ही मराठीची आई, असे आमच्यातलाच एक उत्साही कार्यकर्ता सभेत म्हणाला होता. भंतेजींनी त्याला नंतर बाजूला घेऊन सांगितले, "आई प्राकृत. महाराष्ट्री प्राकृत. पाली मावशी. मावशीला आई म्हणायला हरकत नाही, पण खऱ्या आईसमोर नको." या हिशोबाने ३ ऑक्टोबरला आई, मावशी आणि लेक तिघींचा एकाच मांडवात सत्कार झाला, आणि वऱ्हाडी मंडळी फक्त लेकीचा फोटो काढून घरी गेली. माझी तक्रार एवढीच आहे.

१९६८ च्या हिवाळ्यात त्यांनी आम्हाला कार्ल्याला नेले. मळवलीला गाडीतून उतरून चालत. वर एकवीरेपुढे कोळी मंडळींची गर्दी, कोंबड्या, गुलाल. आम्ही त्यातून वाट काढत चैत्यगृहापाशी, म्हणजे स्तूप असलेल्या मोठ्या लेण्यापाशी गेलो. आत शिरण्याआधी त्यांनी आम्हाला दारापाशीच उभे केले आणि भिंतीवरच्या अक्षरांवर, दगडाला न टेकवता, बोट फिरवू लागले. ब्राह्मी या जुन्या लिपीतला क म्हणजे अधिकचे चिन्ह, हे त्यांनी आधी शिकवले होते. मला एका ओळीत दोन अधिके शेजारी शेजारी दिसली. "वाच," म्हणाले. "क... क..." "धेनुकाकटा. गावाचं नाव. पंचमी आहे, धेनुकाकटाहून. पुढं?" पुढचे त्यांनीच वाचले: 'वढकिना सामिना'. "सामिना. कुठली विभक्ती?" बुद्धेन, धम्मेन आम्ही घोकलेले होते. मी म्हणालो, "तृतीया. सामीने." "आणि वढकी कोण?" कुणालाच येईना. भंडाऱ्याकडून बदलून आलेल्या एका कामगाराचा पोरगा आमच्यात होता, तो हळूच म्हणाला, "आमच्याकडं सुताराला वाढई म्हणतात."

भंतेजींनी त्या पोराला उचलायचेच बाकी ठेवले. धेनुकाकटाचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याने या घराचे मुख केले, असा तो लेख. लेण्याला तिथे 'घर' म्हटले आहे. दोन हजार वर्षे होऊन गेली, शब्द तोच. दुसऱ्या दाराशी गंधिक सिंहदत्ताचे नाव आहे. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्ये विकणारा. राजांची नावे आहेत, शेठांची आहेत, वैजयंतीच्या भूतपाल शेठाने तर हे सगळ्या जंबुद्वीपात, म्हणजे भारतखंडात, उत्तम असल्याचे कोरून ठेवले आहे. (देणगीदारांच्या पाटीचा आजार जुना आहे!) पण भंतेजी आम्हाला त्या शेठापाशी घेऊन गेले नाहीत. सुतारापाशी घेऊन गेले.

आत गेल्यावर म्हणाले, "वर बघा." छताला लाकडाच्या कमानी आहेत, बरगड्यांसारख्या. दगडात कोरलेल्या छताला त्यांचा काडीचा आधार लागत नाही. तरी त्या आहेत, आणि त्या खऱ्या लाकडाच्या, मूळच्या आहेत. आधीची विहारे, आधीचे सभामंडप लाकडाचे असायचे. त्या माणसांना बरगडीशिवायचे छत छत वाटतच नसणार. मी मान मोडेपर्यंत बघत राहिलो. स्तूपावरची छत्रीसुद्धा लाकडी. पोरे खाली आवाज काढून घुमतो का बघत होती आणि मी विचार करत होतो, हे एवढ्या उंचीवर चढवले कसे, बसवले कसे.

दोन वर्षांनी अकरावीला मी गणितात आपटलो. घरात सुतकी वातावरण. वडिलांचे म्हणणे, डेपोत हमालीला लावू. भंतेजी त्या संध्याकाळी घरी आले (एरवी ते कुणाच्या घरी बिनबोलावता जात नसत) आणि वडिलांना म्हणाले, "आयटीआयला सुतारकीला घाला. कार्ल्याला हा एकटा वर बघत होता." आमच्या घराण्यात सुतारकी कधी नव्हती. वडिलांना ते पटायला एक आठवडा लागला. त्या एका वाक्यावर माझे घर उभे राहिले, दोन मुलींची शिक्षणे झाली. त्या दिवसापासून ते मला 'मिस्तरी' म्हणू लागले. फीसुद्धा वाढवली: आता घरातले शब्द नकोत, हत्यारांचे आण. करवतीला 'ककच' मिळाले. रेघ मारायच्या सुताला 'काळसुत्त', त्यातही ळ, म्हणून ते दिवसभर खूश. सुत्त म्हणजे बुद्धाचे प्रवचनही. "तू सूत मारतोस, मी सुत्त सांगतो. दोघांचं काम रेघ सरळ आली पाहिजे एवढंच." रंध्याचे मा. ना. राहिले.

वाकसाला, म्हणजे लाकूड तासायच्या हत्याराला, 'वासि'. हा शब्द सांगून ते नेहमीप्रमाणे पुढे गेले नाहीत. म्हणाले, "तुझा वाकस आण." मी घरी जाऊन आणला. आयटीआय संपवून मला तेव्हा सात-आठ वर्षे झाली होती. बाभळीचा दांडा, मीच बसवलेला. त्यांनी तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि दांड्यावर माझ्या बोटांच्या जागा दाखवल्या. चार बोटांना चार उथळ खोलगट जागा, अंगठ्याला एक, तिथले लाकूड तेल प्यायल्यासारखे काळपट. मी तो रोज धरत होतो आणि मला ते दिसले नव्हते. "संयुत्तनिकायात आहे," म्हणाले. तो बुद्धाच्या प्रवचनांचा एक संग्रह. "सुताराला वासीच्या दांड्यावर बोटांचे ठसे दिसतात. आज किती झिजला, काल किती झिजला, विचारलं तर सांगता येत नाही. झिजला, एवढं मात्र झिजल्यावर कळतं." बुद्धाने हा दाखला भिक्खूंच्या साधनेसाठी दिला आहे. चित्ताचा मळ असाच जातो, रोजचा हिशोब लागत नाही. मी तो त्या वेळी नुसता ऐकला आणि वाकस घेऊन कामाला गेलो.

आता जे सांगतो ते सांगायला मला बरे वाटत नाही, पण ते टाळून हे पत्र खरे होणार नाही. पंचाऐंशी-शहाऐंशीच्या सुमारास मी प्यायला लागलो. कारण काही मोठे नव्हते. पगार झाला की चौघे जण स्टेशनच्या पलीकडे जायचो, मग पगाराची वाट बघणे बंद झाले. एका रविवारी मी त्याच अवस्थेत विहारात गेलो. पोरांचा वर्ग चालू होता. वास लपत नाही. मी मागे बसलो. भंतेजींनी पोरांना सुट्टी दिली, माझ्यापुढे येऊन बसले आणि म्हणाले, "पाचवं शील म्हण." नशेपासून दूर राहण्याचे ते शील. मी म्हटले. "समास सोडव." जीभ जड झालेली, पण सवय होती. सुरा, मेरय, मज्ज, पमाद, ठान. "ठान म्हणजे?" "ठिकाण. ठाणं." "पहिली तीन कुठं मिळतात?" मी गप्प. "दुकानात मिळतात. पमाद?" मी खाली बघत राहिलो. "तो दुकानात मिळत नाही मिस्तरी, तो घरनं न्यावा लागतो." पमाद म्हणजे गाफीलपणा.

मी रडलो. त्यांनी रडू दिले, मग शेवटचा शब्द विचारला. "सिक्खापदं समादियामि. सिक्खा?" "शिकणं." "पद?" "पाऊल." "तू काय म्हणतोस रोज? मी पिणार नाही, असं म्हणतोस का? तसं त्यात कुठंही नाही. शिकण्याचं पाऊल घेतो, असं म्हणतोस. चुकला तर परत घे. पहिलीत नापास झालेलं पोरगं शाळा सोडून जातं का?" इतकी वर्षे मी ती ओळ म्हणत होतो, आणि ती शपथ आहे, मोडली की संपले, असे धरून चाललो होतो. दारू त्या दिवशी सुटली नाही. सुटायला पुढे चार वर्षे गेली. त्या चार वर्षांत मी किती वेळा जाऊन शील परत घेतले याची गणती नाही, आणि त्यांनी एकदाही 'परत आलास?' असे म्हटले नाही. फक्त समास सोडवायला लावायचे. माझ्या बायकोला पालीतला तो एकच समास येतो, पण चोख येतो.

स्वतःचे ऋण मोजताना मात्र ते थकत नसत. दर वर्षावासात एक रविवार ते धर्मानंद कोसंबींसाठी ठेवत. ९ ऑक्टोबर १८७६ ला गोव्यात साखवाळला जन्मलेला, शाळेत फारसा न गेलेला मुलगा. 'बालबोध' मासिकात बुद्धाचे चरित्र वाचून त्याला ओढ लागते, १८९९ साली तो घर सोडतो. पुणे, ग्वाल्हेर, काशी, नेपाळ अशी पायपीट. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकायचे. नेपाळात बुद्धधर्म सापडेल म्हणून जायचे आणि निराश होऊन परतायचे. शेवटी १९०२ साली सिलोन, कोलंबोचे विद्योदय परिवेण (भिक्खूंचे विद्यालय), आणि तिथे हिक्कडुवे सुमंगल महास्थविर. परक्या देशात, परक्या लिपीत त्या गुरूंनी या गोव्याच्या माणसाला पाली दिली आणि त्याने ती आपल्याकडे आणली. कलकत्त्याच्या विद्यापीठातली जागा सोडून ते महाराष्ट्रात आले ते सयाजीराव महाराजांच्या महिना पन्नास रुपयांवर. अमेरिकेत हार्वर्डला जाऊन आल्यावर १९१२ ते १९१८ फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली. तिथे पु. वि. बापटांसारखे विद्यार्थी त्यांना मिळाले आणि पुढे बापटांनी इतरांना शिकवले. हे सांगून झाल्यावर भंतेजी म्हणायचे, "सदतीस-अडतीस साल असेल. परळला कोसंबींचा बहुजन विहार होता, गिरणी कामगारांच्या वस्तीत. वडिलांनी मला खांद्यावर बसवून नेलं होतं. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. समोरच्या माणसांच्या टोप्या तेवढ्या आठवतात." एवढ्या टोप्यांवर ते स्वतःला त्या साखळीतले समजत. मग बोटांवर मोजत: सुमंगल, कोसंबी, बापट, त्यानंतर त्यांना शिकवणारे, आणि शेवटच्या बोटावर माझ्याकडे बघून, "आणि तुझी आजी. सूप तिनं दिलं."

भंतेजी १९९८ च्या फेब्रुवारीत गेले. मागे दोन चीवरे, भिक्षापात्र, एका काडीला दोरा बांधलेला चष्मा आणि अकरा वह्या. चीवरे आणि पात्र दुसऱ्या भिक्खूंकडे गेली, वह्या माझ्याकडे आल्या. त्याच वर्षी बाबासाहेबांच्या समग्र लेखनाचा सोळावा खंड निघाला, ज्यात त्यांनी केलेले पालीचे व्याकरण आणि शब्दकोश आहे. सहा डिसेंबरला मी तो चैत्यभूमीवरच्या पथाऱ्यांत शोधला, मिळाल्यावर तिथेच वाळूत बसून चाळला. तो सोळस क्रमांकाचा खंड बघायला ते हवे होते. घटना लिहिणारा, मधुमेहाने पोखरलेला माणूस एकीकडे पालीचा कोश करत बसतो, हे त्यांनी आम्हाला किती वेळा सांगितले होते.

तर 'मृत भाषा'. माझ्याकडच्या अकरा वह्यांत, मी मोजले, दोनशे बारा शब्दांपुढे मा. ना. आहे. ज्या गोष्टीबद्दल माणसाला अजून प्रश्न पडतात ती मेली कशी, हे त्या पत्रलेखकांनी मला समजावून सांगावे. रोज पहाटे आमच्या विहारात, आणि राज्यातल्या कित्येक विहारांत आणि घरांत, ती म्हटली जाते. लग्नात म्हटली जाते, मयताला म्हटली जाते. समजून म्हणणारे कमी आहेत, हे मला मान्य आहे. तो आमच्या समाजाचा आळस आहे आणि त्याबद्दल मी आमच्याच सभेत शिव्या खाऊन बोललेलो आहे. दर्जाबरोबर निधी येईल, अध्यासने होतील असे वाचले. व्हावीत. पण ती भाषा माझ्यापर्यंत आली ती खोक्याच्या फळीवरून आली, हे कुठेतरी छापून यावे असे वाटले.

निवृत्तीनंतर मीही रविवारी सकाळी वर्ग घेतो. सात-आठ पोरे येतात, पावसात तीन. फी तीच आहे, पण वसुली कठीण झाली आहे. परवा एकाने आजीला विचारून 'मिक्सर' आणला. एका मुलीने मात्र 'लोणचं' आणले, आणि मीठाला पालीत 'लोण' आहे हे सांगताना माझा आवाज भंतेजींइतकाच मोठा झाला असावा, कारण पलीकडच्या चाळीतून कुणीतरी खिडकी लावून घेतली. तीच मुलगी गेल्या रविवारी विचारत होती, हत्थीचा हाती का नाही झाला. मी वही उघडून तिला पन्नासहून जास्त वर्षांपूर्वीचे मा. ना. दाखवले. खाली तिचे नाव आणि तारीख लिहून घेतली. आपल्या वाचकांत कुणी भाषाशास्त्राचे जाणकार असतील आणि त्यांना याचे उत्तर येत असेल, तर कृपया आपल्या पत्त्यावर कळवावे; मी येऊन घेऊन जाईन.

शेवटी एक विनंती. दोन वर्षांपूर्वी बुद्धपौर्णिमेला आपण माझे छोटे पत्र छापले होते, त्याबद्दल आभारी आहे. त्यात मी 'बुद्धं सरणं गच्छामि' असे लिहिले होते आणि छापून येताना आपल्या मुद्रितशोधकांनी 'सरणं'चे 'शरणं' केले. त्यांचा हेतू चांगलाच असणार. पण पालीत श नाही, ष नाही, एकटा स आहे. या खेपेला तो स तसाच राहू द्यावा.

आपला नम्र,
एक निवृत्त सुतार, देहूरोड
(नाव व पत्ता आपल्याकडे आहे, छापू नये.)